मोरदऱ्याची तिकीटवाली

चतुराबाईला मोरदरा तोंडपाठ होता. दारातून आत गेलं की डाव्या हाताला हिवराची दाटी, मग बांबूचं बेट, मग वाट वळते तिथं शेंदूर फासलेला म्हसोबा, आणि म्हसोबाला मागं टाकलं की तळं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर मोर उतरतात, पण नऊच्या आत. दहाला गेलात तर नुसती पिसं. पाणकावळे मात्र दिवसभर पंख पसरून बसलेले, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. तिकीट फाडता फाडता ती हे सगळं अशा गोडीनं सांगायची, की एका शाळेचे मास्तर खिडकीशी हसून म्हणाले होते, "बाई, तुमचंच ऐकून पोरं माघारी नेतो. आत जायची गरजच न्हाई."

अकरा वर्षं ती त्या खिडकीत बसत होती. अकरा वर्षांत ती एकदाही आत गेली नव्हती.

याला लबाडी म्हणायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. ती ऐकीव सांगायची, एवढंच. पिंपळगावच्या रेणुकाईचं दर्शन उरकून आलेली कुटुंबं, नवी जोडपी, भोकरदनच्या कॉलेजातली टोळकी, जो बाहेर पडेल त्याला ती थांबवून विचारायची, "काय काय पाहिलं?" माणसाला पाहिलेलं सांगायची हौस असतेच. दहा जणांचं ऐकून ती जुळवायची आणि अकराव्याला सांगायची. कीर्तनकार तरी वैकुंठाबद्दल दुसरं काय करतो?

चतुरा दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पायांवरून वारं गेलं. बाप पुंजाराम. चार एकर कोरडवाहू आणि ही एकुलती एक पोर. त्यानं तिला खांद्यावर घेतली ती अकरा वर्षं खाली ठेवली नाही. शाळेत खांद्यावर, शेतात खांद्यावर, लग्नाकार्याला खांद्यावर. पोर तेरा वर्षांची झाली, अंगानं भरली, तरी पुंजाराम आपला तिला घेऊन रेणुकाईच्या जत्रेत. तिथं गर्दीत कोणीतरी ओरडलं, "पुंजारामा, नवरदेवालाबी दुसऱ्या खांद्यावर घेशील का रं?" लोक हसले. लोकांचं काही नाही, लोक हसतातच. पण पुंजारामही हसला. बिचारा दमला होता, चार माणसांत काय करावं ते न सुचून हसला. खांद्यावर बसलेल्या पोरीला ते हसू त्याच्या पाठीतून जाणवलं. त्या दिवसापासून चतुरानं ठरवलं, की आता कोणी उचलायचं नाही. जिथं आपलं आपल्याला जाता येईल तिथं जायचं, नाही तिथं नाही.

ते साल एक्क्याऐंशी. सरकारला उपरती झाली की ते वर्षाला नाव देतं; त्या वर्षाला अपंगांचं नाव दिलं होतं. जालना जिल्हाही त्याच वर्षी नवा कोरा झाला होता, त्यामुळं उत्साह होता. जालन्याला शिबिर झालं, भाषणं झाली आणि चतुराला हातानं फिरवायची तीनचाकी आणि एक कुबड्यांचा जोड मिळाला. तीनचाकीवर ती शाळेत गेली, दहावी झाली. पुढं नव्वद साली अपंगांच्या कोट्यातून तिला मोरदऱ्याच्या राखीव वनात तिकिटाच्या खिडकीवर नोकरी लागली. "बसून काम आहे," असं साहेबांनी खुशीत सांगितलं. "बसून पगार," असं गावानं कुत्सितपणे सांगितलं. नेमणुकीचं पत्र बघून पुंजाराम ओसरीवर बसून रडला आणि पुढच्या चार वर्षांत वारला. मग घरी ती आणि आई सोनूबाई.

पहिल्याच आठवड्यात तिनं तातेरावांना विचारलं होतं, "तात्या, आत गाडी जाईल का माझी?" तातेराव तिथले वनमजूर. रोजगार हमीच्या काळात मोरदऱ्याची वाट त्यांनी स्वतः चार गडी घेऊन बांधलेली. छोट्या दाराची वाट गुरं शिरू नयेत म्हणून वाकडी केलेली, तिच्यातून तीनचाकी जाणं शक्य नव्हतं. पण बाजूला जीपचं मोठं दार होतं आणि त्याची किल्ली तात्यांकडे. तात्या म्हणाले, "जाईल की! सपाट हाय सगळं. कवाबी या, दार उघडून देतो."

मग ती का गेली नाही? खिडकी सोडता येत नव्हती, हे एक. सोमवारी वन बंद असायचं, पण सोमवारी आईला दवाखाना, दळण, धुणं. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं, की आत कुठंतरी अडलो आणि कोणाला उचलावं लागलं तर? गेलो नाही तोवर कधीही जाता येतं. गेलो आणि अडलो, तर मोरदरा कायमचा संपला. म्हणून ती 'पुढच्या सोमवारी' म्हणत राहिली, आणि असे सोमवार साडेपाचशे झाले.

दोन हजार एकच्या जानेवारीत, एका बुधवारी साडेअकराला खिडकीसमोर जीप थांबली. ड्रायव्हरनं मागून चाकांची खुर्ची काढली, उघडली आणि पुढच्या सीटवरून एका म्हाताऱ्याला उचलून तिच्यात ठेवलं. भोकरदनचे कापड दुकानदार रामनिवास शेठ. शुगरनं दोन्ही पाय गुडघ्यापासून नेलेले. बरोबर बायको पानबाई, सत्तरीला टेकलेली पण काटक.

"बाई, ही गाडी आत जाईल?" शेठनं विचारलं.

"जाईल की, शेठजी. तात्यांना सांगते, मोठं दार उघडून देतील."

"आन् पुढं? तळ्यापर्यंत?"

"पुढं सपाट हाय. बिलकुल तळ्यापर्यंत." आणि मग तिनं नेहमीप्रमाणं सांगितलं, हिवरं, बांबू, म्हसोबा, तळं, पाणकावळे. शेठ मान डोलावत ऐकत होते.

पानबाईचा विश्वास बसत नव्हता. "चढ-उतार असंल ना, बाई?"

"किरकोळ."

पानबाईनं खिडकीतून आत वाकून पाहिलं. खुर्चीला टेकवलेल्या कुबड्या तिला दिसल्या, सावलीत उभी केलेली तीनचाकी दिसली. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मंग ठीक हाय. या बाईला बराबर माहीत असणार," असं ती नवऱ्याला म्हणाली आणि ड्रायव्हरला "चारला ये" सांगून तिनं त्याला बाजाराला पिटाळला. खरं सांगायचं तर चतुराबाईला ती नजर आवडली. अकरा वर्षांत तिच्या कुबड्यांकडे कोणी असं, जाणत्या माणसाकडे बघावं तसं, पाहिलं नव्हतं.

चार वाजले. ड्रायव्हर आला, बिडी ओढत उभा राहिला. पाच वाजले. चतुराबाई दर दोन मिनिटांनी दाराकडे बघायला लागली. तात्या दुपारपासून पलीकडच्या कुंपणाच्या कामाला गेले होते, ते सव्वापाचला आले. तिनं त्यांना आणि ड्रायव्हरला आत धाडलं.

झालं होतं ते असं. बांबूच्या बेटापाशी तीन पायऱ्या लागल्या. दोन कॉलेजच्या पोरांनी खुर्ची उचलून वर ठेवली. पुढं आणखी चार, त्याही त्यांनीच पार करून दिल्या आणि ती पोरं पुढं निघून गेली, दुसऱ्या वाटेनं बाहेरही पडली. पुढं परत सहा पायऱ्या. पुढं सहा, मागं चार, आणि मध्ये खुर्ची. बुधवार असल्यामुळं दुसरं कोणी फिरकलं नाही. पानबाई हाका मारून दमली. नवऱ्याला एकटं सोडून जायची तिची छाती झाली नाही, कारण जमीन उतरती होती आणि खुर्चीचा ब्रेक ढिला. चार तास ती खुर्ची धरून उभी होती.

अंधार पडायच्या बेताला त्यांना बाहेर आणलं. शेठच्या मांडीवर पानबाईची शाल होती. थंडी होती, पण शाल थंडीसाठी नव्हती. धोतर ओलं झालं होतं. ते खिडकीकडे न बघता सरळ जीपकडे गेले. पानबाई मात्र थांबली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही इचार केला असता, बाई. तुमच्या कुबड्या पाहिल्या म्हणून आत गेलो."

त्या रात्री चतुराबाई जेवली नाही. सोनूबाईनं विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काय न्हाई, दमले." तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तात्यांना धरलं. "तात्या, पायऱ्या हायेत आत?"

"हायेत की."

"मंग सपाट म्हणून का सांगितलं मला?"

तात्या गोंधळले. "अवो बाई, त्या काय पायऱ्या हायेत का? ईत-ईतभर उंच. म्याच तर बांधल्या, म्हाताऱ्या माणसाला त्रास होऊ ने म्हून. लय सोप्या हायेत." आणि ते मनापासून बोलत होते. चढ सोपा व्हावा म्हणून त्यांनी घाम गाळून पायऱ्या केल्या होत्या, त्यामुळं त्यांच्या हिशेबी वाट सपाटच झाली होती. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? हजारो माणसं आत गेली, बाहेर आली, मोराच्या तुऱ्यापासून म्हसोबाच्या शेंदरापर्यंत सगळं सांगत राहिली. एकालाही पायरी आठवली नाही. ज्याचे पाय चालतात त्याला पायरी दिसतच नाही. ती फक्त आपल्यासारख्यांसाठी असते. आणि आपण, आपण तर पायऱ्यांचं विचारायलाच हवं होतं! हे मात्र तिला काही केल्या गिळता येईना.

त्या सोमवारी ती आत गेली. सोबत तात्या. तिनं आधीच बजावलं, "मागून या. हात लावायचा न्हाई." मोठ्या दारातून बांबूच्या बेटापर्यंत तीनचाकी आली. तिथं पहिल्या तीन पायऱ्या. तात्या म्हणाले तशाच, ईतभर उंच, नीट घडवलेल्या. तीनचाकी तिथंच राहिली. कुबड्यांवर ती तीन चढली. पुढच्या चारांवर दगड हलत होते, कुबडी घसरायला लागली. मग ती पायरीवर बसली, पाठमोरी झाली आणि दोन्ही हातांनी स्वतःला उचलून वरच्या पायरीवर ठेवत गेली. एक. दोन. हिवराचा काटा तळहातात मोडला. तात्या नुसते "अरारारा" करत मागून येत होते. कुबड्या त्यांच्या हातात. चारांच्या वर, वाटेच्या कडेच्या मऊ मातीत, चाकांच्या खुणा अजून होत्या. पुढं, मागं, पुढं, मागं. चार तास पानबाई कुठं उभी होती तेही कळत होतं, कारण तिथली माती तुडवून गुळगुळीत झाली होती. चतुराबाई तिथं बराच वेळ बसली. तिथून पुढच्या सहा ती बसूनच चढली. मग वाट वळली, म्हसोबा आला आणि म्हसोबाच्या पुढं वाट खोल खाली उतरत गेली, कातळाला वळसा घालून, दिसेनाशी. पायऱ्याच पायऱ्या. तळं कुठंच दिसत नव्हतं.

दीड वाजला होता. तिचे दंड थरथरत होते. बसत बसत खाली जाता आलं असतं, पण परत वर यायला अंधार झाला असता.

"तात्या, तुमी जा खाली. मोजत जा, मोठ्यानं."

तात्या मोजत उतरले. एक, दोन, तीन. वीसनंतर ते कातळाआड गेले. आवाज बारीक होत गेला आणि शेवटी खालून, विहिरीतून आल्यासारखं, "अडतीस!" त्याबरोबर पंखांची फडफड झाली आणि मोर ओरडला. पाण्याचा वासही आला असं तिला वाटलं. तात्या धापा टाकत परत आले. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, सोमवार हाय. चिटपाखरू न्हाई. पाठीवर घेतो, पाच मिन्टात दाखवून आणतो. लेकीसारख्या हाव तुमी मला."

चतुराबाईला त्या क्षणी हो म्हणावंसं फार वाटलं. इतकी ती दमली होती. तिनं नाही म्हटलं. तात्या म्हणाले, "मंग कसं हाय ते सांगू का?" तेव्हा मात्र ती खेकसली, "काय सांगू नका. आजपासून मला कुणीच काय सांगू नका."

त्यानंतर खिडकीतलं वर्णन बंद झालं. तिकिटाबरोबर ती आकडा सांगू लागली. "आत पायऱ्या हायेत. तीन, चार, सहा, मंग अडतीस उतार. एक्कावन्न." धडधाकट माणसं वैतागायची. "बाई, आम्ही पायऱ्या मोजायला आलो का?" एक बाई पोलिओच्या पोरीला कडेवर घेऊन आली. आकडा ऐकून तिनं पोरीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि तिकीट न घेताच निघून गेली. पूर्वी खोटं सांगून आत पाठवत होतो, आता खरं सांगून माघारी धाडतो, असं चतुराबाईच्या मनात आलं. तिनं कचेरीत अर्ज दिला, निदान पहिल्या सात पायऱ्यांशेजारी उतार करावा म्हणून. अर्जाला उत्तर आलं, आणि सरकारी उत्तरात जे असतं तेच त्यात होतं: निधी उपलब्ध झाल्यावर.

मार्चमध्ये ती भोकरदनला गेली. काळीपिवळी जीपच्या टपावर तीनचाकी बांधून, स्वतः ड्रायव्हरशेजारी. रामनिवास शेठचं दुकान मोठ्या रस्त्यावर, जुन्या पद्धतीचं, रस्त्यापासून चांगलं कमरेइतकं उंच. तिनं तीनचाकी दुकानासमोर आणली आणि तिला हसू आलं, कडवट. दाराला तीन पायऱ्या होत्या.

तीनच. मोरदऱ्यात तिनं तेरा पार केल्या होत्या. पण तिथं सोमवार होता आणि बघायला तात्या सोडून कोणी नव्हतं. इथं भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, बसून सरकत वर जायचं तिच्यानं होईना. शेठ आत गादीवर बसले होते. त्यांना सकाळी उचलून तिथं ठेवत, रात्री उचलून नेत. ते खाली येऊ शकत नव्हते, ही वर जाऊ शकत नव्हती. मधून गिऱ्हाइकं चढत-उतरत होती.

"शेठजी," तिनं हाक मारली. "मी मोरदऱ्याची."

शेठनी चष्मा वर केला. आतल्या बाजूला लुगड्यांच्या घड्या घालत असलेली पानबाई थांबली.

"वळखलं," शेठ म्हणाले. "बोला."

"मी मोजून आले, शेठजी. आत जाऊन. एक्कावन्न हायेत. तुमी सातांवर अडकलात. चूक माझी हाय. मी पायऱ्यांचं इचारलंच न्हाई कुणाला." हे तिनं वाटेत पाठ केलं होतं, आणि ते पाठ केल्यासारखंच बाहेर पडलं.

"एक्कावन्न!" शेठ चक्क हसले. "मंग बरंच झालं की. मला वाटलं, अजून दोन-चार असतील, थोडक्यात चुकलं. एक्कावन्न म्हणजे काय हातचंच नव्हतं." ते रागावले नाहीत. म्हाताऱ्याला खरंच हलकं वाटलेलं दिसत होतं, आणि चतुराबाईला त्यानं आणखीच जड झालं. पानबाईनं कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला.

"लहान असताना बाबूजींबरोबर गेल्तो तिथं," शेठ सांगू लागले. "तवा तळं नव्हतं, नुसता नाला होता. तळं झालं म्हणून ऐकलं, पण दुकान कुठं सुटतं? पाय होते तवर गेलो न्हाई." त्यांनी गुडघ्यांवरची चादर सारखी केली. "जाऊ द्या. तुमी त्या दिवशी लय मस्त सांगितलं होतं, बाई. ते पाणकावळे, पंख वाळवून राह्यलेले. तेच फिर एकदा सांगा. डोळे मिटून ऐकतो. पाहिल्यासारखं होऊन जाईल."

आणि त्यांनी खरोखरच डोळे मिटले.

सगळं तिच्या जिभेवर होतं. डाव्या हाताला हिवराची दाटी, मग बांबूचं बेट. म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं, आणि ते द्यायला तिला दमडी लागत नव्हती. अकरा वर्षं तेच तर वाटत आली होती. ती खाली बघून पुटपुटली, "मी न्हाई पाहिलं."

"आं?" शेठनी डोळे उघडून कानाला हात लावला. मागून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. "जोरात बोला, बाई. इथवर येत न्हाई आवाज."

मध्ये तीन पायऱ्या होत्या. जवळ जाऊन कानात सांगायची सोय नव्हती.

"मी न्हाई पाहिलं, शेठजी!" चतुराबाई ओरडली. गिऱ्हाइकं वळली, पलीकडचा पानवाला वळला. "अकरा वर्षं झाली, मी तळं पाहिलेलंच न्हाई! कसं हाय ते मला माहीत न्हाई!"

पानबाई पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरत होती. ती मधल्या पायरीवर थांबली, आणि तिथंच खाली बसली.